लांडग्याच्या वाटेचा हिशोब भूमिहीनाकडून मागू नका

बारामती-इंदापूरच्या माळावर लांडगा आहे, हे धनगराला प्रयोगशाळेने सांगावे लागत नाही. रात्री वाघर लावून मेंढरे राखणाऱ्याला तो माहीतच असतो. प्रयोगशाळा सांगते ती गोष्ट वेगळी आहे. लांडग्याच्या विष्ठेत आतड्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. त्यांतला डीएनए काढला की तो नेमका कोणता प्राणी हे ओळखता येते, आणि दोन माळांवरचे नमुने जुळवले की त्यांची नातीगोतीही कळतात. इथले पिल्लू वयात आल्यावर तिकडे जाऊन वंश वाढवते का, की मधली वाट बंद झाली आहे, हे त्यावरून समजते. मध्य भारतात वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर यांच्यावर असाच अभ्यास झाला आहे. दाट वस्ती आणि वर्दळीचे रस्ते ही ये-जा तोडतात, मात्र सगळ्या प्राण्यांची सारखीच नाही, असे त्यात दिसले.

या विज्ञानाशी आमचे भांडण नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. लांडग्याच्या एका कळपाला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर लागतात. म्हणजे तो अभयारण्यात राहत नाही, तो गायरानात, पडीक शेतात आणि मेंढ्यांच्या वाड्यांभोवती राहतो. भारतीय लांडगा ही जगातल्या सर्वांत जुन्या लांडगा-शाखांपैकी एक आहे, हेही जनुकांनीच दाखवले. तो टिकलाच पाहिजे.

आता आमच्याच घरातली एक गोष्ट. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मागणी होती. लाखो माणसे तुरुंगात गेली. ज्याला शासन पडीक म्हणत होते, त्याला आम्हीही पडीकच म्हटले. आज अभ्यासक सांगतात की हा माळ ओसाड नाही, तो स्वतंत्र गवताळ अधिवास आहे. हे मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण ती मागणी चुकीची नव्हती. गावची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या ताब्यात होती त्यांनी ती सोडली नाही, म्हणून आमच्या माणसाच्या वाट्याला माळ आला.

मग वाट अडवली कोणी? १८८५ पासून नीरा डावा कालवा या तालुक्यांतून वाहतो. त्यामागून ऊस आला, कारखाने आले, एमआयडीसी आली. इंदापुरातून पुणे-सोलापूर महामार्ग जातो, त्यावरची वाहने रात्रीही थांबत नाहीत. यांतल्या कशाचाही निर्णय भूमिहीनाने घेतला नाही. तरी 'अतिक्रमण हटाव' म्हटले की नोटीस सर्वांत आधी गायरानातल्या दोन एकरवाल्याच्या आणि पारध्याच्या पालावर येते. उद्या जनुकीय नकाशा हातात आल्यावर हेच होईल, ही आमची भीती आहे, आणि ती अनुभवातून आली आहे.

आणखी एक. पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकांवरून सिद्ध झाले. हा धोका खरा आहे. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यावर बोलताना काही मंडळी 'शुद्ध रक्ता'च्या गोष्टी ज्या चवीने करतात, ती चव आम्ही ओळखतो. वर्णसंकराच्या नावाने ज्या देशात माणसे जाळली गेली, तिथे हा शब्द जपून वापरावा. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले आहे.

वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली आहे. शहरी पाहुणे गाडीतून लांडगा पाहतील, पाहू द्या. पण अभ्यासाचे निष्कर्ष आधी मराठीत त्या त्या ग्रामसभेपुढे ठेवा. विष्ठा कुठे सापडेल हे ज्या मेंढपाळाने दाखवले, त्याचे श्रेय अहवालात छापा. मेंढरू मारले गेले तर भरपाईसाठी त्याला हेलपाटे घालायला लावू नका. नकाशात तुटलेली वाट दिसली तर पहिला हिशोब महामार्गाकडे आणि नव्या प्रकल्पांकडे मागा, झोपडीकडे नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क लिहिलेला आहे. लांडग्याची वाट ज्या कागदावर काढाल, त्याच कागदावर मेंढपाळाची वाटही काढा, आणि त्या कागदावर ग्रामसभेची सही घ्या.