खपली राखायची ती कशासाठी?

गेल्या दिवाळीला पुण्याहून आलेल्या पुतण्याने फराळाच्या ताटाशेजारी एक चकचकीत पाकीट ठेवले आणि म्हणाला, "काका, साखर वाढलीय ना तुमची? आता हाच गहू खायचा." पाकिटात खपलीचे पीठ होते. ज्या घरात माझ्या आजीने उखळात खपली कांडली, सणासुदीला तिची हुग्गी शिजवली, त्याच घरात ती पीठ होऊन, पुण्याचा फेरा करून, औषधाच्या भावाने परत आली! पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' असेही छापलेले होते. हे धादांत खोटे आहे. खपली हा गहूच आहे आणि गव्हात असते ते ग्लुटेन तिच्यातही असते. ज्याला ते सोसत नाही त्याने असल्या छापील शब्दावर विसंबून जीव धोक्यात घालू नये.

पुतण्याशी माझे भांडण नाही. पोर मायेने घेऊन आला होता. भांडण आहे ते खपलीला औषध म्हणून मिरवणाऱ्यांशी आणि तिला जुनाट म्हणून बांधाबाहेर काढणाऱ्यांशीही. जगातल्या शेतीशास्त्रज्ञांना आपल्या या कोंड्यातल्या गव्हाचे नाव शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, ते साखरेमुळे नव्हे. ते ठाऊक आहे तांबेऱ्यामुळे.

ज्यांच्या घरी गहू पिकत होता त्यांना तांबेरा सांगायला नको. ओंबी भरायच्या वेळी खोडावर, पानावर गंजासारखे फोड उठतात आणि शेतातून चालत आलेल्या माणसाचे धोतर गुडघ्यापर्यंत तांबडे होते. तो गंज म्हणजे बुरशीचे बीजाणू. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने नर्मदेच्या खोऱ्यात मैलोगणती उभा गहू या रोगाने गेलेला पाहिला आणि लिहून ठेवला. कापणीची मजुरीही सुटणार नाही म्हणून लोकांनी शेते तशीच सोडली होती. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात पुन्हा तेच झाले.

हा रोग येतो कुठून, याचा शोध आग्ऱ्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी आयुष्य घालवून लावला. मैदानातल्या उन्हाळ्यात ही बुरशी जगत नाही. ती डोंगरांच्या थंडाव्यात, म्हणजे उत्तरेला हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या डोंगरात तग धरते आणि वाऱ्यावर खाली उतरते. पुढच्या संशोधकांनी दाखवले की निलगिरीतून निघालेले काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू बंगालच्या उपसागरातल्या वादळांबरोबर थेट मध्य भारतापर्यंत जातात आणि पावसाबरोबर पिकावर पडतात. निलगिरी आणि मध्य भारत यांच्यामध्ये काय आहे, ते नकाशात पाहावे. मध्ये आपण आहोत. खपली म्हणणाऱ्याचे शेत कुठले आणि जवे गोधी म्हणणाऱ्याचे कुठले, हे ती बुरशी विचारत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटात स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी बारा गव्हांचा एक संच ठरवला. बुरशीचा नवा नमुना आला की तो या बारांवर टोचायचा आणि कोण आजारी पडतो, कोण उभा राहतो ते पाहायचे. त्या बारांतला एक 'खपली'. हेच नाव, इंग्रजी लिपीत. बाकीचे भिडू एकेका जातीपुढे मान टाकत, तेव्हा सर्वांत टिकून राहणारी तीच असे. पुढे सिडनीच्या वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर ऑस्ट्रेलियातल्या 'स्टाइनवेडेल' गव्हाशी केला. खपलीची गुणसूत्रे २८, भाकरीच्या गव्हाची ४२. हा संसार सोपा नव्हता, तरी तो लागला आणि त्या लेकराचे नाव ठेवले 'खपस्टाइन'. खपलीकडून आलेल्या प्रतिकाराच्या जनुकांना एसआर १३, एसआर १४ असे क्रमांक मिळाले. त्यांतले एसआर १३ हे २०१७ साली कॅलिफोर्नियात अक्षर न् अक्षर वाचून काढले गेले. इकडे आपण त्याच गव्हाच्या पाकिटावर काय छापतो, ते वर सांगितलेच.

आता हे जनुक करते काय? तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच पोसते, मेलेले तिला पचत नाही. पेशीत शिरताना ती आपली काही प्रथिने आत सोडते. एसआर १३ सारखे जनुक म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्यातले एखादे प्रथिन त्याने ओळखले की रोपटे ती पेशी स्वतःच मारून टाकते आणि पाहुणा उपाशी मरतो. पण पहारेकऱ्याला एकच चेहरा पाठ असतो. बुरशीने मिशी काढली, म्हणजे ते प्रथिन बदलले किंवा टाकूनच दिले, की हा तिला रामराम करून आत सोडतो. रोपाचे एक जनुक आणि बुरशीचे एक जनुक यांची ही जोडी फ्लोर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर सिद्ध केली. आणि बुरशीकडे मिशा काढायला वेळ भरपूर असतो. एका शेतात एका हंगामात तिची किती कोटी पोरे होतात याचा हिशेब करू नये.

माझा खरा आक्षेप इथे आहे. एवढे कळूनही आपण देशच्या देश एका पहारेकऱ्याच्या भरवशावर टाकला. कल्याणसोना आला, पोटाला अन्न मिळाले, हे मी नाकारणार नाही. उपाशी माणसाला जैवविविधतेचे प्रवचन देणारा मी कोण? पण १९७० च्या दशकात पानावरच्या तांबेऱ्याने त्याला गाठले. पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण १९९५ मध्ये आला, उत्तरेत लाखो हेक्टरांवर पसरला आणि २००० नंतरच्या दशकात पिवळ्या तांबेऱ्यापुढे त्यानेही हात टेकले. याच वाणात आणि जगातल्या कितीतरी गव्हांत काळ्या तांबेऱ्याविरुद्ध राय या धान्याकडून उसना आणलेला एसआर ३१ होता. त्यालाही चकवणारी बुरशी १९९८ साली युगांडात सापडली. यूजी ९९ हे तिचे नाव. २००७ पर्यंत ती इराणात पोहोचली होती. तेव्हा जगाची धावाधाव झाली आणि जी थोडी जनुके तिच्यापुढे उभी राहिली त्यांत आमच्या खपलीचे एसआर १३ होते. उन्हाची ऊब असली की ते अधिकच चांगले काम करते. आमच्या मातीतलेच ते!

इथे टाळ्या वाजवून थांबणे सोयीचे आहे, पण ते अर्धसत्य होईल. इथिओपियात एसआर १३ लाही चकवणारी जात सापडलेली आहे. 'आपली खपली अजिंक्य' असे सांगणारा पाकीटवाल्याइतकाच खोटे बोलतो. टिकलेली जनुके निराळ्या स्वभावाची असतात. खपलीच्याच कुळातल्या 'यारोस्लाव' नावाच्या गव्हातून मॅकफॅडन यांनी शंभर वर्षांपूर्वी आणलेले एसआर २ बुरशीला दारात अडवत नाही. ती आत येते, पण तिची वाढ मंदावते, फोड कमी उठतात. अशी मंद जनुके चार-पाच एकत्र आली की पीक तरते, आणि त्यांना एका फटक्यात चकवणे बुरशीला जमत नाही. पण ती शोधायला आणि एकत्र आणायला शेकडो जुने गहू हाताशी लागतात.

यावर एक विद्वान उत्तर तयार असते: "बी दिल्लीच्या जनुक पेढीत आहे, आता शेतकऱ्याने कशाला राखायचे?" पेढी हवीच. पण पेढीतले बी झोपलेले असते. बाहेर बुरशी दरवर्षी बदलत असते, हवा बदलत असते, आणि शेतात दरवर्षी पेरलेल्या, निवडलेल्या बियाण्याची रोज परीक्षा होत असते. चांगल्या ओंब्या वेगळ्या काढून बियाण्याला ठेवणारी माझी आजी शास्त्रज्ञ नव्हती, पण काम तेच करत होती. तिच्या कामाची पावती एसआर १३ या अक्षरांत कुठेच नाही.

दुसरे उत्तर शेतकऱ्याचे आहे आणि ते मला निरुत्तर करते. खपली उंच वाढते, लोळते, पाणी मागते, उतारा कमी देते आणि मळून झाल्यावरही टरफल सोडत नाही. ती पेरा असे मी कुणाला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणूनच सांगणे शेतकऱ्याला नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके १०२५ आणि १०२९, पुण्याच्या आघारकर संस्थेने एमएसीएस २९७१, निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या केंद्राने एचडब्ल्यू १०९८ असे सुधारित खपली वाण काढले, हे चांगले झाले. पण उद्या यांतला एकच सगळ्या शिवारात पसरला तर आपण पुन्हा कल्याणसोनाच्याच वाटेवर. गावठी खपलीचे चार-दोन प्रकार जो राखतो त्याला त्या राखण्याचे पैसे मिळाले पाहिजेत. २००१ च्या वाण-संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या हक्काचे कलम आहे, राष्ट्रीय जनुक निधी आहे. मग आमच्या तालुक्यांतल्या किती खपलीवाल्यांना त्याचे नाव तरी माहीत आहे? आणि पाकीटवाल्यांनी साखरेच्या गोष्टी सांगण्यापेक्षा बी कोणाच्या शेतातले, कोणत्या प्रकारचे, एवढे छापावे आणि त्या भावातला वाटा तिथे पोहोचवावा.

पुतण्याला मी पाकिटाची मागची बाजू वाचायला लावली. किंमत होती, पोषणाचा तक्ता होता, एका डोंगराचे चित्र होते. वाणाचे नाव नव्हते, गावाचेही नव्हते. यंदा येताना तो विचारून येणार आहे म्हणाला.