परक्यांच्या हकीकती

लोकप्रियतेच्या शिखरावर बसलेल्या कलावंताकडून आपण नवलाची अपेक्षा सहसा करीत नाही. कारण ज्या गुणांमुळे त्यास लोकाश्रय लाभला त्याच गुणांची पुनरावृत्ती करण्याचा जणू करारनामाच त्याने आपल्या श्रोतृवर्गास लिहून दिलेला असतो, आणि त्यातील एखादे कलम मोडल्यास फिर्याद करावयास लक्षावधी लोक तत्पर असतात. टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या बाबतीत हा करार फारच स्पष्ट होता. पेनसिल्व्हेनियात जन्मलेली ही मुलगी नॅशव्हिलमध्ये कंट्री गाणी गात नावारूपास आली, २०१४ च्या '१९८९' या अल्बमने तिने पॉप संगीताचा राजरस्ता धरला, आणि या सगळ्या वाटचालीत तिचे भांडवल एकच राहिले, ते म्हणजे स्वतःचे चरित्र. कोणते गाणे कोणत्या प्रियकरास उद्देशून रचले आहे याचा तपास तिचे चाहते फौजदाराच्या चिकाटीने करीत, आणि तीही अल्बमसोबतच्या पुस्तिकांतून गुप्त संदेश पेरून या तपासास हातभार लावीत असे. मला या प्रकरणात रस नव्हता.

म्हणूनच २४ जुलै २०२० रोजी, जेमतेम एक दिवस अगोदर वर्दी देऊन तिने 'फोकलोर' प्रसिद्ध केला, तेव्हा तो ऐकताना झालेला आनंद मला अजून ताजा वाटतो. महामारीने तिचे त्या वर्षीचे सारे जलसे रद्द केले होते. अशा सक्तीच्या सवडीत तिने 'द नॅशनल' या वाद्यवृंदातील आरन डेसनर यांच्याशी संधान बांधले. डेसनर यांनी न्यूयॉर्क राज्यातील हडसन खोऱ्यातून वाद्यसंगीताचे कच्चे खर्डे पाठवावेत, आणि तिने लॉस एंजेलिसच्या घरी बसून त्यांवर चाल व शब्द चढवून ते परत धाडावेत, अशी वहिवाट पडली. सोळांपैकी अकरा गाण्यांत डेसनर यांचा हात आहे, तर उरलेल्या पाचांत तिचे जुने सहकारी जॅक अँटोनॉफ यांचा. ढोलताशांचा दणदणाट नाही, नाचावयास लावणारा ठेका नाही. पियानो, गिटार, मंद तंतुवाद्ये आणि त्यांच्या पुढ्यात, जवळ बसून बोलावे तसा, तिचा आवाज.

परंतु खरे नवल वाद्यमेळात नाही. ज्या 'मी'वर तिचा सारा संसार चालला होता त्या 'मी'स तिने येथे बव्हंशी रजा दिली आणि ती परक्यांच्या हकीकती सांगू लागली. 'द लास्ट ग्रेट अमेरिकन डायनेस्टी' या गाण्यात रिबेका हार्कनेस या बाईचे चरित्र आहे. स्टँडर्ड ऑइलच्या एका वारसदाराशी लग्न करून ही सेंट लुइसची मुलगी ऱ्होड आयलंडमधील वॉच हिल येथे समुद्रकाठच्या हवेलीत आली, वैधव्यानंतर नृत्यसंस्थेवर पाण्यासारखा पैसा ओतला, आणि तिच्या मेजवान्यांनी गावाची झोप उडविली. गाणे हा सगळा इतिहास गावगप्पांच्या स्वरात, कोणताही निवाडा न देता सांगत जाते. पुढे पन्नास वर्षे ती हवेली निवांत राहिल्याची नोंद होते, आणि मग एकाच ओळीत ती खुद्द गायिकेने विकत घेतल्याचे कळते. २०१३ साली तिने ती खरोखरच घेतली होती. तोवर जे टोमणे रिबेकाला मारले जात होते ते त्या क्षणी गाणारीच्या अंगावर येतात, ध्रुपदातील सर्वनाम बदलते, आणि इतका वेळ दाबून धरलेला 'मी' आत प्रवेश करतो. कथाकथनाची ही सफाई लघुकथेच्या उमेदवारांनी अवश्य अभ्यासावी.

तीच गोष्ट 'कार्डिगन', 'ऑगस्ट' आणि 'बेटी' या तिन्हींची. शाळकरी वयातील एकच प्रेमप्रकरण तिघांच्या तोंडून तीनदा येते : फसविली गेलेली मुलगी, त्या उन्हाळ्यापुरती जवळ आलेली दुसरी, आणि सतरा वर्षांचा अपराधी जेम्स. जेम्सची ओबडधोबड क्षमायाचना स्विफ्ट स्वतः, मुलगा होऊन, गाते. शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी लावण्या घातल्या आणि बालगंधर्वांनी नायिका उभ्या केल्या हे ज्यांच्या कानामनात आहे त्यांना यात वावगे काहीच वाटणार नाही. आश्चर्य एवढेच की, दुसऱ्या मुलीचा कैवार घेणारे 'ऑगस्ट' हेच तिघांत सर्वांत हृद्य उतरले आहे.

दोष आहेतच. मधल्या भागात चार-पाच गाणी एकाच संथ गतीने सरकतात आणि त्यांतले एखादे गाळले असते तरी हानी नव्हती. शिवाय अरण्यात एकटी उभी राहिलेली ही विरक्त गायिका त्याच वेळी तोच अल्बम आठ निरनिराळ्या मुखपृष्ठांनिशी विकत होती. तिच्या वाणिज्यबुद्धीस महामारीची बाधा झाली नव्हती, असा त्याचा अर्थ.

त्या काळात पुष्कळ जाणकारांनी या यशाचे श्रेय डेसनर यांच्या पदरात घातले. जणू पॉप गायिकेस अभिरुची ही बाहेरून, एखाद्या गंभीर पुरुषाच्या शिफारसपत्रानेच मिळू शकते. हा हिशेब मला मुळीच मान्य नाही. डेसनर यांच्या खर्ड्यांत रिबेका नव्हती, जेम्स नव्हता, आणि 'एपिफनी'मध्ये येणारे, १९४२ साली ग्वाडलकॅनालच्या रणभूमीवर उतरलेले गायिकेचे आजोबाही नव्हते; सुरांच्या त्या मोकळ्या जागांत माणसे तिने वसविली. मार्च २०२१ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक 'फोकलोर'ला मिळाले आणि ते तीनदा पटकावणारी ती पहिली स्त्री ठरली, हे जाता जाता नमूद करतो.

त्यापूर्वीच, ११ डिसेंबर २०२० रोजी, त्याच मंडळींनी 'एव्हरमोर' हा दुसरा संग्रह काढला. तो अधिक विस्कळीत आहे, आणि एव्हाना श्रोता सावध झालेला असल्याने अकस्मात लाभणारे सुखही त्यात नाही. तरी मैत्रिणीच्या खुनाचा सूड घेऊन तो अंगाला लागू न देणाऱ्या बाईची त्यातली 'नो बॉडी, नो क्राइम' ही कैफियत मी 'फोकलोर'मधील निम्म्या गाण्यांच्या वर ठेवीन.