जुन्या स्लॅबची खडी

परवा माहीमला जाऊन आलो. (मुंबईचं नव्हे हो, आमचं केळवे-माहीम, पालघरचं. दर वेळी सांगावं लागतं!) काकांनी जुनं घर पाडलंय. अंगणात स्लॅबच्या तुकड्यांचा हा ढीग. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, हे क्रशरवर फोडून आणू आणि वाडीच्या समुद्राकडच्या बाजूला आरसीसीची भिंत घालायची आहे, तिच्यात खडी म्हणून वापरू. काका खूश. पैसे वाचतात, शिवाय घर भिंतीत राहतं.

कल्पना वेडगळ मुळीच नाही. खडीसाठी डोंगर तरी किती फोडायचे? आपल्या आयएस ३८३ या मानकाने २०१६ साली अशा खडीला परवानगी दिली आहे. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळ्यांच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, पण एम२५ पर्यंतच. एम१५ च्या खालच्या कामात तर चक्क १०० टक्के.

इथेच घोडं पेंड खातं. समुद्रकाठच्या उघड्या आरसीसीला आयएस ४५६ किमान एम३० मागतं. दोन्ही मानकं शेजारी ठेवून वाचली की आमच्या भिंतीत ही खडी बसतच नाही.

"अरे, वीस टक्केच घालू. कोण बघतंय?" काका.

"काका, त्या स्लॅबची वाळू कुठली होती?"

"कुठली म्हणजे? किनाऱ्यावरची. बैलगाडीने आणलेली. तेव्हा सगळेच आणायचे."

झालं! त्या वाळूतलं मीठ अजून त्या तुकड्यांत आहे. मिठाने सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि आतून फुगून काँक्रीट फोडतो. आमच्या स्लॅबचे पोपडे असेच पडत होते, घर पाडलं ते त्यामुळेच. आता तेच मीठ नव्या सळ्यांच्या शेजारी नेऊन ठेवायचं? धुऊन ते पुरतं निघत नाही. त्यात या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, तो पाणी पितो. आधी भिजवली नाही तर माल कोरडा वाटतो, मग गवंडी हात सैल सोडून पाणी ओततो, आणि भिंत कच्ची होते.

एखाद्या शहरातल्या, गोड्या वाळूच्या इमारतीचा राडारोडा असता, तपासून घेतलेला, आणि भिंत किनाऱ्यापासून लांब असती, तर मीच काकांना आग्रह केला असता. "रिसायकल" म्हटलं की नाक मुरडणारे इंजिनिअर मला आवडत नाहीत. पण आपल्याच घराचं आहे म्हणून ते चांगलं, हे काही खरं नाही.

सळ्या नाहीत तिथे मात्र खुशाल वापरा, असं मी म्हटलं. काका काही बोलले नाहीत, ढिगाकडे बघत बसले. काकू आतून म्हणाली, "मग विहिरीपर्यंतची वाट करून टाका. पावसात मीच घसरते तिथे."