तापीकाठची शाळा आणि तिचे परदेशी सोबती

जूनमध्ये शाळा उघडल्या की मुख्याध्यापकांच्या टेबलावर परदेशी शाळांशी भागीदारीची आमंत्रणे येऊ लागतात. खासगी शाळांकडे जास्त, पालिकेच्या शाळांकडे क्वचित. पुढे काय होते ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सभागृहात दोन देशांचे झेंडे लागतात, मुली नऊवारी नेसतात, लेझीम होते, 'आवाज येतोय का' यात दहा मिनिटे जातात, पडद्यावरची मुले हात हलवतात आणि पर्यावरणाच्या नावाने एक रोप लावले जाते. फोटो निघाले की फाइल पुरी. ब्रिटिश कौन्सिलच्या आंतरराष्ट्रीय शाळा पुरस्कारासारख्या योजनांनी कित्येक शाळांना बाहेरचे जग दाखवले, हे मान्यच आहे. पण पुरस्कारासाठी कागद लागतो, आणि एकदा कागद जमवायची सवय लागली की पुढच्या वर्षी जोडीदार शाळेचे नावसुद्धा फाइल उघडून बघावे लागते.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की दोन शाळांना एखादी गोष्ट खरोखर जाणून घ्यायची असावी आणि ती दोघींपैकी एकीला एकटीने कळण्यासारखी नसावी. असे असेल तर भागीदारी टिकते, नाहीतर ती स्नेहसंमेलन होऊन संपते. या कसोटीवर सुरतेइतके भाग्यवान शहर शोधून सापडणार नाही.

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतल्या मराठी शाळांत बहुतेक मुले खानदेशातली. बाप लूमच्या खात्यात बारा तासांच्या पाळीत, आई घरी साड्यांचे धागे कापते किंवा टिकल्या चिकटवते. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती, वर्गात मराठी. आखाजीला हीच मुले भुसावळच्या गाडीत बसून गावी जातात. म्हणजे सांस्कृतिक देवाणघेवाण ज्याला म्हणतात ती यांच्या रोजच्या जगण्यात आहे. शाळेच्या वहीत मात्र तिची नोंद नाही. साने गुरुजींनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात वेगवेगळ्या भाषांच्या भारतीयांनी एकमेकांना जाणून घ्यावे, ही आंतरभारतीची कल्पना मांडली. त्याआधी अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढत. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या त्या गावातली ती हस्तलिखित पाने आजच्या कुठल्याही ई-मेल प्रकल्पापेक्षा आम्हाला जास्त आधुनिक वाटतात. परदेश नंतर. आधी शेजारच्या तेलुगू वर्गाचे दार ठोठावा.

आता पाण्याकडे येऊ. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईहून निघालेली तापी बऱ्हाणपूर, भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत उकाईच्या धरणात येते आणि तिथून सुरतेला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. आजच्या विद्यार्थ्यांच्या आईबापांना तो पूर नीट आठवतो. भुसावळला पाणी किती चढले हे सुरतेला वेळेत कळणे किती मोलाचे आहे, हे ज्या शहराने असे भोगले तिथे 'नदीचे पाणी आणि आपण' हा धडा पाठ्यपुस्तकातून वाचून दाखवायचा?

सिंगणपोरचा कॉजवे घ्या. १९९५ मध्ये बांधलेला हा बंधारा भरतीचे खारे पाणी खालीच अडवतो आणि पिण्याचे गोडे पाणी वरच्या अंगाला साठवतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे काही शे रुपयांचे टीडीएस मीटर, दोराला बांधलेली बालदी आणि सोबत दोन शिक्षक एवढे साहित्य पुरते. मुलांना पाण्यात उतरवायचे नाही, बालदी वरून सोडायची. वरच्या बाजूचे पाणी मोजा, मग खालच्या बाजूचे. आकडे वेगळे येतील, हे कोणीही सांगेल. खरी गंमत दुसऱ्या दिवशी येते. एका तुकडीने भरतीला मोजलेले असते, दुसरीने ओहोटीला, आणि खालच्या बाजूच्या आकड्यावरून दोघींचे भांडण लागते. तुमचे मीटर बिघडले, तुम्ही बालदी नीट विसळली नाही, असे आरोप होतात. शिक्षकाने तिथे उत्तर सांगून टाकू नये. भरतीचे वेळापत्रक फळ्यावर लावावे आणि गप्प बसावे. एकच वेळ, एकच पद्धत, एकच साधन हा मोजणीचा नियम व्याख्येतून जितका कळतो त्यापेक्षा या भांडणातून कितीतरी चांगला कळतो. १९९५ पासून चाललेला 'ग्लोब' हा शाळांचा जागतिक उपक्रम याच नियमावर उभा आहे. भारत त्यात २००० पासून आहे. आपल्या किती शाळांना त्याची माहिती आहे, हे आम्ही विचारत नाही.

ही वही भरू लागली की तिला भुसावळ-सारंगखेड्याची एखादी शाळा जोडता येते. मग समुद्राशी झगडणाऱ्या दुसऱ्या एखाद्या शहराची. २००६ चा पूर जसा सुरतेला, तसा १९५३ चा पूर नेदरलँड्सला. त्यानंतर त्यांनी बांधलेल्या समुद्रबांधांच्या सावलीत वाढणारी रॉटरडॅमची मुले आणि उकाईच्या खाली राहणारी आपली मुले एकमेकांना काय विचारतील, याची आम्हाला उत्सुकता आहे.

पण पहिला परदेशी सोबती निवडायचा झाला तर आमचा कौल कुरव पक्ष्याला. हिवाळ्यात तापीवर कुरव हजारांनी उतरतात आणि सुरतेची माणसे पुलावरून त्यांना गाठिया टाकतात. (पक्ष्याला खारट तळण कशाला, हा प्रश्न मुलांनीच मोठ्यांना विचारलेला बरा, त्याबद्दलचे फलक कोणी वाचत नाही.) यातल्या एका जातीचे नाव काळ्या डोक्याचा कुरव. मुले हटकून विचारतात, सर, याचे डोके तर पांढरे आहे! हिवाळ्यात त्याचे डोके पांढरेच असते, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. मार्चच्या सुमारास, परतीच्या आधी, डोके गडद होऊ लागते. मध्य आशिया आणि रशियातल्या तळ्यांवर हे पक्षी घरटी करतात तेव्हा तिथल्या मुलांना ते पुऱ्या काळसर डोक्याचे दिसतात. म्हणजे सुरतेच्या वर्गाकडे अर्धा पक्षी आहे आणि कझाकस्तानातल्या वर्गाकडे उरलेला अर्धा. पहिला थवा कधी दिसला, शेवटचा कधी गेला, डोके कोणत्या आठवड्यात गडद झाले, एवढे दोघांनी लिहायचे. मार्च २०२४ पासून कझाकस्तानभर एकच घड्याळ आहे आणि ते आपल्यापेक्षा अर्धा तासच मागे आहे, म्हणून शाळेच्या वेळेत बोलता येते. ज्यांना परदेश परवडत नाही त्यांच्यासाठी तपकिरी डोक्याचा कुरव आहे. तो लडाख आणि तिबेटच्या तळ्यांवर वीण करतो, लडाखच्या शाळेला पोस्टकार्ड पुरते.

कापडाकडे बघणाऱ्या शाळेने इटलीतले प्रातो शहर शोधावे. जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा कापड करणे हा तिथला पिढीजात धंदा, कारखान्यांत चिनी स्थलांतरितांची मोठी वस्ती आणि त्यांची मुले इटालियन शाळांत. शहराचे सांडपाणी शुद्ध करून तिथे कापडउद्योगाला पुरवतात. आपल्याकडे पालिकेने २०१४ मध्ये बमरोलीला रोज चार कोटी लिटर क्षमतेचा असाच प्रकल्प उभारून पांडेसऱ्याच्या कापड-प्रक्रिया कारखान्यांना पाणी देणे सुरू केले. दोन्हीकडे कापडाच्या कारखान्यांत शहराचे वापरलेले पाणी फिरते आणि दोन्हीकडे घरची भाषा वर्गाच्या भाषेपासून दूर आहे. हिवाळ्यात आपल्या दुपारच्या पाळीचे साडेबारा म्हणजे तिथले सकाळचे आठ.

'आमच्या मुलांना इंग्रजी येत नाही' ही अडचण पालिकेच्या शाळांतून नेहमी ऐकू येते. तारीख, वेळ, टीडीएस, पक्ष्यांची संख्या यांच्या तक्त्याला इंग्रजी लागते किती? बाकीचे मुलांनी मराठीत लिहावे, भाषांतराचे ॲप चुकेल तिथे चुकू द्यावे. चुकीमुळे पलीकडून येणारा प्रश्न बहुधा चांगला असतो. मोबाइलची अडचण मात्र खरी आहे. घरातला एकुलता फोन बापासोबत लूमवर असतो, म्हणून सारा पत्रव्यवहार शाळेच्या संगणकावरून आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावा. मुलांचे फोटो आणि नावे बाहेर पाठवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घालतो. तक्ता पाठवायला फोटोची गरज नसते, हेही सोयीचे.

शिक्षण समितीकडे आमची एकच मागणी आहे. अशा उपक्रमाचा अहवाल फोटोंच्या संख्येवर तपासू नका. शाळेची नोंदवही मागवा आणि सलग दोन वर्षांच्या नोंदी आहेत का एवढे पाहा. शिक्षकाची बदली झाली तर वही नव्या शिक्षकाच्या नावे पावती करून द्या, कारण असले बहुतेक प्रकल्प बदलीच्या आदेशाबरोबर बंद पडतात. कुरव दिवाळीच्या आगेमागे येऊ लागतात. म्हणून जोडीदार शाळेला पहिले पत्र ऑगस्टमध्ये जायला हवे, आणि त्यात शाळेच्या गौरवशाली परंपरेऐवजी एक प्रश्न असावा: तुमच्या तळ्यावरून ते निघाले का?