पंप संपला, हे पंपानेच सांगायला हवं

१९५५ साली अमेरिकेत दमा असलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीने वडिलांना विचारलं, की माझं औषध हेअरस्प्रेसारखं डब्यातून का मिळत नाही? तेव्हा रबरी फुगा दाबून काचेच्या उपकरणातून औषध ओढावं लागायचं. वडील होते जॉर्ज मेसन, रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख. त्यांनी प्रश्न मनावर घेतला आणि १९५६ मध्ये मोजून मात्रा फवारणारा पहिला इन्हेलर बाजारात आला. आपल्या घरांत ज्याला 'पंप' म्हणतात, तो हाच.

आज इतक्या वर्षांनीही त्याचं रूप फारसं बदललेलं नाही. दिसायला सोपा, पण वापरून बघा. टोपण काढा, हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, सावकाश श्वास ओढायला लागा आणि त्याच क्षणी दाबा, मग दहा सेकंद श्वास रोखा. आधी दाबलं तर औषध जिभेवर आणि घशात चिकटतं. उशिरा दाबलं तर श्वासच संपलेला असतो. आणि हे सगळं करायचं कधी? मध्यरात्री, धाप लागलेली असताना.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे एक सोयीचा शब्द आहे, 'युजर एरर'. म्हणजे चूक वापरणाऱ्याची. पण बहुतेक लोक एकाच पायरीवर अडखळत असतील, तर दोष त्या पायरीत असतो. पंपाच्या बाबतीत मात्र आपण सहज म्हणतो, "आजोबांना नीट घेताच येत नाही."

या अडचणीवर दोन चांगले उपाय निघाले. एक स्पेसर. पंपाला जोडायच्या या नळकांड्यात औषध क्षणभर थांबतं, त्यामुळे दाबणं आणि ओढणं यांची वेळ अचूक साधावी लागत नाही. लहान मुलांसाठी त्याला मास्कही बसतो. पण तो मोठा असतो. कॉलेजच्या सॅकमध्ये कोण ठेवणार, असं म्हणून तरुण मुलं तो घरीच ठेवतात. दुसरा उपाय कोरड्या पावडरीचा इन्हेलर. यात दाबायचंच नसतं, आपल्या श्वासानेच पावडर आत जाते. रोटाहेलर पारदर्शक असेल, तर पावडर उरली आहे का हेही दिसतं. मात्र त्याला जोरदार श्वास लागतो, आणि फार लहान मुलांना किंवा ऐन धाप लागलेल्या माणसाला तो जमेलच असं नाही. म्हणून सगळ्यांना चालेल असं एकच यंत्र नाही. माणूस बघून निवडावं लागतं.

माझ्या मते सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. २०० मात्रांचा पंप २०० नंतरही फवारत राहतो. आवाज तोच, फवाराही तसाच वाटतो. पण त्यात पुरेसं औषध असेलच याची खात्री नसते. मात्रा मोजणारा आकडा पंपावरच असावा, अशी शिफारस अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००३ मध्ये केली. तरी आजही असा आकडा नसलेले पंप घरोघरी आहेत.

आमची आजी यावर कालनिर्णयच्या पानावर रेघा मारते. एक फवारा, एक रेघ. यंत्राने करायचं काम ती पेन्सिलीने करते.

तुमच्या घरी कोणाचा पंप असेल, तर या रविवारी एवढं करा. त्यावर आकडा आहे का बघा. नसेल तर सुरू केल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा. रोज सकाळी दोन आणि रात्री दोन मात्रा असतील, तर २०० मात्रा ५० दिवस पुरतात. गरजेपुरत्या पंपासाठी आजीसारख्या रेघा माराव्यात. कुपी पाण्यात तरंगते का बघून काही कळत नाही. रोजच्या स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची आठवण करा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना पंप सोबत न्या आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवायला सांगा.

आणि माहितीपत्रक इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत असेल, तर वर दिलेल्या पायऱ्या मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून औषधांच्या डब्यावर लावा. हे काम आपल्या पिढीला पाच मिनिटांत जमेल.