वीज उंबऱ्याबाहेरच थांबवा



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाने हौशी रेडिओची परीक्षा दिली, सरकारी परवाना मिळवला आणि माळवदावर लोखंडी पाइप उभा करून अँटेना चढवला. त्याची केबल खिडकीतून थेट खोलीत, टेबलावरच्या यंत्राला जोडली. पहिला वळीव आला, कडकडाट झाला आणि सासूबाईंनी फर्मान काढले, "ती काठी आधी उतरव!" नातू म्हणतो, "आजी, काही होत नाही." बाई विचारतात, खरे कोणाचे मानायचे?

दोघांचेही थोडे थोडे. मुलाचा छंद वाया जाणारा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अशाच हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवण्याचे काम केले होते. तेव्हा अँटेना खुशाल राहू द्या. पण आजींची भीतीही खोटी नाही. फक्त त्यांचे बोट काठीकडे आहे, ते खिडकीतून आत येणाऱ्या केबलकडे हवे.

ही गोष्ट फार जुनी आहे. १७५३ साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान नावाचे शास्त्रज्ञ विजेचा अभ्यास करीत होते. छपरावर लोखंडी सळई, तिथून तार घरात, आणि ती जमिनीला कुठेच जोडलेली नाही. वादळात ते यंत्र पाहायला जवळ गेले आणि जागीच ठार झाले. विजेला जमिनीत जायचे होते. वाट नव्हती, म्हणून तिने माणसातून वाट काढली.

आता विजेचा जोर किती ते पाहा. आपल्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर सात-आठ अँपिअर घेते. आभाळातल्या एका विजेत साधारण तीस हजार अँपिअर असतात, तेही डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. शिवाय वीज अँटेनावरच पडली पाहिजे असे नाही. शेजारच्या झाडावर पडली तरी लांब केबलमध्ये झटका उठतो.

म्हणून पहिला नियम: केबल घरात शिरण्याआधी, भिंतीबाहेरच तिला जमिनीची वाट द्या. केबलमध्ये मधली तार असते आणि तिच्याभोवती धातूची जाळी. जाळी बाहेरच क्लॅम्पने अर्थिंगला जोडता येते. मधल्या तारेसाठी लाइटनिंग अरेस्टर बसवावा लागतो. एरवी तो गप्प असतो. दाब एकाएकी वाढला की आतल्या वायूतून वाट उघडून जोर अर्थिंगकडे वळवतो. धरणाचा सांडवाच म्हणा ना! पण सांडव्यापुढे चर खणलेला नसेल तर पाणी गावातच शिरणार. अर्थिंगशिवाय अरेस्टर तसाच. पाइपलाही बुडाशी वेगळी अर्थिंग तार हवी.

दुसरा नियम: अर्थिंगची तार जाड, आखूड आणि सरळ असावी. वीज इतक्या झटक्यात येते की मीटरभर तारेवरही हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. तारेला वेटोळे वा काटकोनी वळण दिले की अडथळा आणखी वाढतो. उरलेली तार गुंडाळून खिळ्याला अडकवू नका, कापून टाका. अर्थिंगचा दांडा सुमारे अडीच मीटर खोल, ओल टिकेल अशा जागी ठोका.

तिसरा नियम बहुतेक लोक विसरतात. अँटेनाची अर्थिंग आणि घराच्या मीटरची अर्थिंग जाड तारेने एकमेकींना जोडलेली हवी. वीज पडली की अँटेनाजवळच्या जमिनीचा दाब एकदम चढतो, मीटरजवळचा मागे राहतो. दोन हौदांत पाणी कमी-जास्त असले आणि मध्ये बारीक नळी असली, तर सगळा लोट त्या नळीतूनच धावतो. मुलाचा रेडिओ म्हणजे ती बारीक नळी. एका बाजूने केबल, दुसऱ्या बाजूने प्लग. हौद मोठ्या पाइपने जोडले की पातळी बरोबर चढते-उतरते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मीटरजवळ घरचे हात चालवू नयेत.

एवढे करूनही थेट वीज पडली तर यंत्र वाचेलच अशी हमी कोणी देऊ नये. म्हणून चौथा नियम: आभाळ भरून येण्याआधी केबल भिंतीबाहेर सोडवा आणि यंत्राचा प्लग काढा. सुटलेले टोक खाटेजवळ टाकून ठेवू नका. ते बाहेरच राहू द्या. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावायचा नाही. यंत्र गेले तर पुन्हा घेता येते. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने केलेले 'दामिनी' ॲप मोबाइलवर असेल तर सूचना आधी मिळते.

ज्यांच्या घरी रेडिओचा छंद नाही, त्यांनीही आज छपराकडे एकदा पाहावे. डिशची केबल, गोठ्यावरच्या कॅमेऱ्याची तार, सगळ्यांची गोष्ट तीच.

तेव्हा ताई, काठी उतरवू नका. पण पुढचा वळीव येण्याआधी वायरमनला बोलवा, आणि काम चालू असताना आजींना खुर्ची टाकून अंगणात बसवा. तार सरळ आली की नाही, ते त्या नातवापेक्षा बारकाईने पाहतील.