भूजलाचा हिशेब आणि सहा महिन्यांची उमेदवारी

दिल्लीच्या दक्षिणेस वसलेल्या फरीदाबाद या औद्योगिक नगरात केंद्रीय भूजल मंडळाचे मुख्यालय आहे. देशभरातील हजारो निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये व नोव्हेंबरमध्ये अशी वर्षातून चार वेळा मोजायची आणि तिची नोंद राखायची, हे या मंडळाचे एक प्रमुख काम. याच नगराच्या कडेला, अरवलीच्या पायथ्याशी, बडखल तलाव आहे. एके काळी दिल्लीकर तेथे सहलीला जात. पुढे भोवतालचे डोंगर खाणींनी पोखरले, भूजलाचा उपसा बेसुमार वाढला आणि तलाव आटला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये व पुन्हा २००९ मध्ये खाणकाम रोखले. परंतु तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. अखेर प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडून तलाव भरण्याची योजना आखावी लागली. पाण्याच्या देशव्यापी नोंदी ज्या नगरात ठेवल्या जातात, त्याच नगराला आपला तलाव राखता आला नाही. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. ज्ञान अंमलात आणण्याची सत्ता ज्यांच्या हाती होती, त्यांचे हितसंबंध वेगळे होते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेऊनच एका नव्या प्रथेचा विचार केला पाहिजे. जलसुरक्षा व जलधोरण या क्षेत्रात विद्यार्थ्यांना काही महिन्यांसाठी संशोधनाच्या उमेदवारीवर घेण्याची पद्धत रूढ होत आहे. सर्वेक्षण करावे, तक्ते भरावेत, अहवालाचा मसुदा लिहावा आणि मुदत संपताच प्रमाणपत्र घेऊन निघावे, असे तिचे स्वरूप असते. काही ठिकाणी विद्यावेतन मिळते, काही ठिकाणी मिळत नाही. या प्रथेचे स्वागत करावे की तिला विरोध करावा, असा प्रश्न केला जातो. वास्तविक पाहता प्रश्न असा सरळ नाही.

विद्यावेतन मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. देशाच्या नियोजनाची सूत्रे हलवणाऱ्या नीती आयोगाची उमेदवारी बिनपगारी आहे. दिल्लीत स्वतःच्या खर्चाने राहून फुकट काम करणे कोणाला परवडते? ज्याच्या घरी दरमहा पैसे पाठवण्याची ऐपत आहे, त्यालाच. आटपाडी किंवा मंगळवेढ्याच्या शेतमजुराची पदवीधर मुलगी तेथपर्यंत पोहोचूच शकत नाही. जिने लहानपणापासून डोक्यावर हंडा वाहिला, तिला पाण्याच्या धोरणाच्या मेजावर जागा नाही, आणि ज्याने टंचाई केवळ नकाशावर पाहिली, तो टंचाईची व्याख्या करणार! बिनपगारी उमेदवारी ही अशी निमूटपणे वर्गनिवड करणारी चाळणी आहे. विद्यावेतनामुळे तिची छिद्रे थोडी रुंदावतात, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

परंतु विद्यावेतन म्हणजे वेतन नव्हे, हेही विसरून चालणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ स्पष्टच सांगते की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. कार्यालयातील आंतरवासी तर त्या कायद्याच्याही कक्षेबाहेर राहतो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने पाचशे बड्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना आंतरवासिता देण्याची घोषणा केली, तेव्हा दरमहा रक्कम ठरली ५,००० रुपये. त्यातील ४,५०० सरकारी तिजोरीतून आणि अवघे ५०० कंपनीकडून. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० रुपये देण्याचे ठरले, मुदत सहा महिने. मुदत संपत आली तेव्हा हेच तरुण कायम कामाची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले. ज्या कार्यालयांत ते राबले, तेथे काम होते. पद मात्र नव्हते. बेकारीचा प्रश्न सोडवण्याऐवजी तो सहा महिन्यांच्या तुकड्यांत वाटून देण्याची ही युक्ती आहे.

पाण्याच्या बाबतीत ही युक्ती विशेष घातक ठरते. भूजलाचे शास्त्र हे दीर्घकाळ चालणाऱ्या निरीक्षणाचे शास्त्र आहे. एका विहिरीची एका नोव्हेंबरातील पातळी स्वतंत्रपणे फारसे काही सांगत नाही. तीस वर्षांच्या नोव्हेंबरांशी ताडून पाहिली, तरच ती बोलू लागते. यमुनेकाठच्या गाळाच्या थरांत पाणी एका रीतीने साठते, अरवलीच्या कठीण खडकाच्या भेगांत दुसऱ्या रीतीने, तर महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात तिसऱ्याच रीतीने. हा फरक ओळखणारी नजर पुस्तकातून तयार होत नाही. त्यासाठी त्याच शिवारात पुन्हा पुन्हा जावे लागते. सहा महिन्यांच्या उमेदवाराला धड एक वर्षही पूर्ण पाहता येत नाही. त्याची समज पक्व होऊ लागते, तोच त्याची मुदत भरते. मोठ्या योजनांतही हेच दिसते. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत हरियाणा व महाराष्ट्रासह सात राज्ये होती; ६,००० कोटींपैकी निम्मी रक्कम जागतिक बँकेच्या कर्जाची. गावोगावी पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे काम मुख्यतः ठराविक मुदतीसाठी नेमलेल्या संस्थांवर सोपवले गेले. योजना संपते, संस्था परततात. पाणीपातळीची घसरण मात्र मुदत पाळत नाही.

मग हे तयार झालेले मनुष्यबळ जाते कोठे? सप्टेंबर २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार दररोज शंभर घनमीटरहून अधिक भूजल उपसणाऱ्या उद्योगांना परिणामांचा अहवाल सादर करावा लागतो आणि तो मान्यताप्राप्त खासगी सल्लागार तयार करतात. सल्लागाराची फी देतो तो उद्योगच. जनतेच्या पैशाने शिकलेले ज्ञान अशा प्रकारे उपसा करणाऱ्याच्या दारी विकायला उभे राहते. दुसरीकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या परंपरेने जमिनीच्या मालकाला जमिनीखालच्या पाण्याचाही धनी मानले आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याचा पाण्यावर हक्क नाही. हरियाणात वार्षिक उपलब्धतेच्या १३० टक्क्यांहून अधिक भूजल उपसले जाते. त्याचा दोष शेतकऱ्यावर ढकलणे सोपे आहे. परंतु गहू व भाताचीच खात्रीने खरेदी होईल, असे धोरण शेतकऱ्याने आखलेले नाही.

ज्ञान आणि जनता यांची गाठ पडली की काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांनी व शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून दुष्काळाची कारणे शोधायला सुरुवात केली. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने आपली विद्या त्यांच्या कामी लावली. येरळा नदीवर बळीराजा धरण उभे राहिले. त्यासाठीचा पैसा नदीतलीच थोडी वाळू विकून उभा केला गेला. पाणीवाटपाचे तत्त्व ठरले ते प्रत्येक कुटुंबाला वाटा, भूमिहीनालासुद्धा. तेथे संशोधन करणारे आणि पाण्याविना राहणारे यांच्यात भिंत नव्हती, म्हणून निष्कर्ष कपाटात पडून राहिले नाहीत.

फरीदाबादचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी हे नगर १९४९ पासून स्वतःच्या श्रमांनी उभारले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या मदतीने सहकारी संस्था निघाल्या आणि घरे बांधण्याचे काम ठेकेदाराऐवजी खुद्द निर्वासितांच्या हाती आले. नवे कसब शिकायचे ते त्या कसबावर जगण्यासाठी, असा त्या शिक्षणाचा हेतू होता. प्रमाणपत्र हा त्याचा शेवट नव्हता.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एकाही संस्थेत बिनपगारी उमेदवारी असू नये. विद्यावेतन किमान वेतनाहून कमी नसावे आणि दुष्काळी तालुक्यांतील, भूमिहीन कुटुंबांतील विद्यार्थ्यांना त्यात अग्रक्रम मिळावा. नियमित स्वरूपाच्या कामावर उमेदवार नेमून पदे वाचवण्यास मनाई असावी. विहिरींची मोजणी, जलधरांचा अभ्यास व उपशाची तपासणी यांसाठी कायम पदे निर्माण करून ती भरावीत. उद्योगांच्या उपशाचे अहवाल सार्वजनिक यंत्रणेने तयार करावेत. आणि जे काही संशोधन होईल, ते प्रथम त्या गावच्या ग्रामसभेपुढे, गावच्या भाषेत मांडले जावे.

तरुणांना पाण्याचा अभ्यास करायचा आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या या उमेदीला सहा महिन्यांची मुदत घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. विहिरीत दोर सोडून पातळी मोजणारा हात उद्याही तेथेच असला पाहिजे, आणि त्याने मोजलेल्या आकड्यावर पहिला हक्क त्या विहिरीवर हंडा घेऊन येणाऱ्या बाईचा असला पाहिजे.